यंत्रांची खरेदी आणि शिक्षकाची घडण

शाळेत संगणक आले की शिक्षण आधुनिक झाले, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या समाजात रूढ झाली आहे. श्रीफळ वाढवून संगणक कक्षाचे उद्घाटन होते, देणगीदाराच्या नावाची पाटी भिंतीवर लागते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते आणि येथे कार्यभाग संपला असे सर्वजण मानतात. शाळांविषयीची सरकारी आकडेवारीही प्रामुख्याने याच दृष्टीने वाचली जाते. २०२३-२४ च्या ‘यू-डायस’ अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक होते, तर ५३.९ टक्के शाळांत इंटरनेटची जोडणी होती. हे प्रमाण वाढत आहे ही समाधानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु हे आकडे यंत्रांचे आहेत. त्या यंत्राचा उपयोग कोणत्या धड्याला करावा, किती करावा आणि केव्हा ते बंद करून खडू हाती घ्यावा, हे ठरविणारा उद्याचा शिक्षक आज अध्यापक महाविद्यालयात काय शिकत आहे, हे या आकड्यांवरून कळत नाही.

वस्तुतः प्रश्नाचे मर्म येथेच आहे. यंत्र विकत घेता येते. ते वापरण्याचा विवेक विकत घेता येत नाही, तो घडवावा लागतो. शिक्षकाच्या बाबतीत तो घडविण्याचा सर्वांत योग्य काळ म्हणजे त्याच्या प्रशिक्षणाची वर्षे. त्या वर्षांकडे दुर्लक्ष करून केलेली खरेदी हिशेबाच्या वहीत गुंतवणूक म्हणून दिसेल. पण तिचे फळ मात्र मिळणार नाही.

पन्नास वर्षांचा अनुभव

या विषयात आपण नवखे आहोत असे मुळीच नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साईट’ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग आपल्या देशात झाला. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह त्यासाठी एक वर्ष उसना मिळाला होता आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसविण्यात आले होते. शाळकरी मुलांसाठी त्यात स्वतंत्र कार्यक्रम होते. इतकेच नव्हे, तर प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-प्रशिक्षणाचाही त्यात अंतर्भाव होता. मुलांना चित्र दाखवायचे तर आधी शिक्षकाला तयार केले पाहिजे, ही जाणीव त्या प्रयोगाच्या आखणीत होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

पुढे ही जाणीव हळूहळू मागे पडली. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाखाली सुमारे २५० माध्यमिक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक पोचले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९८७ साली, प्राथमिक शाळांना निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासारखी मूलभूत साधने मिळावीत म्हणून याच देशाला ‘खडू-फळा’ योजना हाती घ्यावी लागली. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी तिचे कार्यक्रम पाहिले. आणि २०१७ साली ती बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय संगणकीय व्यासपीठ अवतरले. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ने पाठ्यपुस्तकांवर आधारित धडे घरोघर नेले. साधने येत गेली आणि जात गेली. आकाशवाणी, दूरदर्शन, ध्वनिफीत, चित्रफीत, संगणक, भ्रमणध्वनी असा हा क्रम आहे. या प्रत्येक वेळी साधनाचे स्वागत झाले. मात्र वर्गातल्या अध्यापनाची रीत फारशी बदलली नाही. असे का व्हावे?

डायनॅमोचा दाखला

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला शिक्षणशास्त्राबाहेरही सापडते. संगणकयुग सगळीकडे दिसते, पण उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढे दिसत नाही, अशा आशयाचा शेरा नोबेल पारितोषिकाचे मानकरी रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली मारला होता. त्याचा उलगडा करताना पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० मध्ये विजेच्या मोटारीचे उदाहरण दिले.

एडिसनचे वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झाले. तथापि, अमेरिकेतील कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे खरी वाढ दिसली ती १९२० नंतरच्या दशकात, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी. त्याचे कारण असे की, वाफेच्या इंजिनाच्या काळात संपूर्ण कारखाना एका मुख्य दांड्याभोवती रचलेला असे. त्या दांड्यावरून पट्टे निघत आणि यंत्रे फिरत. वीज आल्यावर कारखानदारांनी इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसविली. दांडा, पट्टे आणि कारखान्याची रचना पूर्वीचीच ठेवली. थोडी बचत झाली, एवढेच. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र छोटी मोटार लावता येते, मग यंत्रे दांड्याच्या सोयीने न मांडता कामाच्या ओघाने मांडता येतात, हे जेव्हा नव्या पिढीच्या अभियंत्यांच्या ध्यानात आले, तेव्हा कारखान्याची इमारतच बदलली आणि उत्पादन वाढले.

आपल्या वर्गांची स्थिती आज पहिल्या टप्प्यातील कारखान्यासारखी आहे. फळ्याच्या जागी पडदा आला आहे. दांडा आणि पट्टे तेच आहेत. शिक्षक बोलतो, मुले उतरवून घेतात. पूर्वी फळ्यावरून उतरवीत, आता पडद्यावरून उतरवितात. वर्गाच्या कामाची फेरमांडणी करणारा अभियंता म्हणजे शिक्षक. तो ही फेरमांडणी शिकला नसेल, तर मोटार कितीही उत्तम असली तरी ती जुनाच पट्टा फिरविणार.

पूरक की पर्यायी?

चहा आणि साखर या पूरक वस्तू, चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू, असे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात शिकवितो. संगणक हा शिक्षकाला पूरक आहे की पर्यायी, हा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे आणि त्यावर गुजरातमध्ये झालेले दोन अभ्यास मननीय आहेत.

बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोन मुले बसवून, गणिताच्या खेळांचा उपक्रम राबविला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या मुलांची गणितातील प्रगती लक्षणीय आढळली. याच अभ्यासगटातील ली लिंडन यांनी गुजरातेतील ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांतही संगणकाचा परिणाम तपासला. त्यांचा निष्कर्ष २००८ सालचा आहे. शिक्षकाचा नेहमीचा तास काढून घेऊन त्या वेळात मुलांना संगणकापुढे बसविले, तेव्हा मुले एरवी शिकली असती त्याहूनही कमी शिकली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर, नेहमीच्या अध्यापनाला जोड म्हणून दिला, तेव्हा मुलांना, विशेषतः मागे पडलेल्या मुलांना, त्याचा लाभ झाला. यंत्र तेच, धडे तेच, फरक फक्त मांडणीचा होता.

दूरच्या पेरू देशाने याहून मोठी किंमत मोजली. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली त्या देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार मुलांचा संगणकाचा वापर वाढला, परंतु गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत सुधारणा दिसली नाही.

आता यावर असा आक्षेप घेतला जाईल की, नवी आज्ञावली प्रत्येक मुलाची पातळी ओळखून त्याला साजेसे प्रश्न देते. तेव्हा शिक्षकावाचूनही काम भागेल. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांवरील २०१९ च्या अभ्यासात अवघ्या साडेचार महिन्यांत मुलांची चांगली प्रगती झाल्याचे दिसून आले. परंतु ती केंद्रे शाळेच्या वेळेनंतर चालत आणि तेथेही लहान गटांना शिकविणारा माणूस होताच. साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, हाताशी असलेल्या चार संगणकांवर कोणत्या मुलांना आधी बसवावे आणि उरलेल्या छप्पन्न मुलांनी तेवढा वेळ काय करावे, हे कोणतीही आज्ञावली ठरवून देत नाही. ते शिक्षकालाच ठरवावे लागते.

अध्यापक महाविद्यालयात काय घडते?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन’ या विषयाला स्थान दिले. यातील ‘चिकित्सक’ हा शब्द मोलाचा आहे. साधन चालविता येणे आणि साधनाची चिकित्सा करता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शब्दाने मान्य केले आहे.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा विषय एक स्वतंत्र फाईल पुरी करण्यापुरता उरतो. छात्राध्यापिका काही सरकचित्रे तयार करते, त्यांत रंग आणि हालचाल घालते, फाईलवर सही होते आणि गुण मिळतात. मराठीच्या किंवा गणिताच्या अध्यापन पद्धतीचा तास वेगळा चालतो; तेथे संगणकाचे नाव निघत नाही. मग सराव पाठाच्या दिवशी ती प्रक्षेपक लावून धडा घेते, निरीक्षक ‘शैक्षणिक साधनांचा वापर उत्तम’ असा शेरा लिहितात, आणि मुले काय शिकली हा प्रश्न बाजूला राहतो. यात त्या मुलीचा दोष नाही. तिच्या प्राध्यापकांचाही फारसा नाही, कारण ते स्वतः वेगळ्या काळात शिकले. रचनाच अशी आहे की, साधन दाखविल्याबद्दल गुण मिळतात. ते का निवडले, याबद्दल मिळत नाहीत.

खरे पाहता या दोषाचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांना ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ ही संज्ञा चांगली परिचित आहे. विषय येणे वेगळे, शिकविणे वेगळे, आणि हा विशिष्ट विषय या विशिष्ट वयाच्या मुलांना कसा शिकवावा हे ज्ञान त्या दोहोंहून वेगळे, हे तिच्यामागील तत्त्व. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली याच स्वरूपाचा विचार मांडला. २००६ मध्ये पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्याला तंत्रज्ञानाचा तिसरा धागा जोडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, साधनाचे ज्ञान सुटे शिकवून भागत नाही. आशय, पद्धती आणि साधन या तिन्हींचा मेळ जेथे बसतो, तेथेच शिक्षकाचे खरे कौशल्य असते.

कांद्याचा भाव आणि मागणीचा वक्र

हे तत्त्व अमूर्त वाटू नये म्हणून आमच्याच विषयातील उदाहरण घेऊ. बारावीच्या वर्गावर ‘मागणीचे विश्लेषण’ हा पाठ घ्यायचा आहे. एक छात्राध्यापक तयार वक्र पडद्यावर दाखवितो. रेषा डावीकडून उजवीकडे खाली सरकत येते, मुले ती वहीत उतरवितात. तास नीटनेटका पार पडतो. पण रेषा खाली का येते, हे विचारले तर उत्तर पाठांतरातून येते.

दुसरी छात्राध्यापिका आदल्या दिवशी मुलांना घरी एक प्रश्न विचारून यायला सांगते: कांदा किलोला २० रुपये असेल तर आठवड्याला किती घ्याल? ४० झाला तर? ८० झाला तर? वर्गात प्रत्येक जण आपल्या घरचा वक्र आलेखाच्या कागदावर हाताने काढतो. येथे ती संगणक हेतुपुरस्सर दूर ठेवते. कारण अक्षावर किंमत कोठे आणि परिमाण कोठे, हे स्वतः रेघ ओढल्याखेरीज मनात ठसत नाही. त्यानंतर ती संगणक उघडते, सर्व घरांचे आकडे एका तक्त्यात भरते, आणि एकेका घराची भर पडत जाताना बाजाराचा मागणी वक्र कसा घडतो, हे मुले डोळ्यांनी पाहतात. चाळीस घरांची बेरीज फळ्यावर करीत बसले तर तास संपेल. येथे यंत्राचा उपयोग आहे. एका मुलाच्या घरी खाणावळ आहे. भाव चढला तरी त्यांची खरेदी फारशी घटत नाही. तेथून लवचिकतेची चर्चा आपोआप सुरू होते. मध्येच वीज गेली, तरी आकडे वह्यांत आहेत आणि फळा जागेवर आहे; पाठ अडत नाही.

या दोन पाठांत यंत्र एकच आहे. अंतर आहे ते निर्णयांत: कोठे वापरायचे, कोठे नाही, आणि बंद पडले तर काय. हे निर्णय घ्यायला शिकणे म्हणजेच तंत्रज्ञान शिकणे. बटणे कोणती दाबायची, ते चौदा वर्षांचा विद्यार्थीही आपल्याला दाखवू शकतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून तर या विवेकाची निकड अधिकच वाढली आहे. पाठाचे टाचण आता मिनिटभरात तयार मिळते. पूर्वीही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या टाचण वह्या उतरवून घेतल्या जातच. परंतु उतरवताना निदान हात चालत असे. टाचण ही परीक्षकाला द्यायची वस्तू नव्हे. आपल्या मुलांना हे कसे उमजेल, याचा आदल्या रात्री केलेला विचार म्हणजे टाचण. यंत्राने लिहिलेल्या टाचणात खाणावळवाल्याचा मुलगा असणार नाही, कारण यंत्राला तो ठाऊक नाही. यंत्राचे टाचण घेऊन त्यात काय चुकले, काय आपल्या वर्गाला लागू नाही, हे शोधण्याचा सराव अध्यापक महाविद्यालयाने दिला, तर मात्र तेच यंत्र उत्तम अभ्याससाहित्य ठरेल.

क्रम महत्त्वाचा

हे सर्व आदर्शवादी आहे असे कोणी म्हणेल, तर केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. शिक्षकांतूनच प्रशिक्षक निवडले गेले, मुक्त आज्ञावलीचा अंगीकार झाला, २००५ पर्यंत दहावीच्या परीक्षेत माहिती तंत्रज्ञान हा विषय आला. सुमारे ४५,००० वर्गखोल्या आधुनिक साधनांनी सज्ज करण्याचे काम त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले. तेथे माणसे तयार करण्याचे काम यंत्रांची वाट पाहत थांबले नाही. आपल्या राज्यातही सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकावर छापायच्या ‘क्यूआर कोड’ला फारशी मोठी सामग्री लागत नाही, लागली ती शिक्षकाची कल्पकता. अशी कल्पकता अपवादाने न उगवता प्रशिक्षणातून सर्वसाधारण व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी काही गोष्टी विशेष खर्चावाचून करता येतील. तंत्रज्ञानाचा विषय स्वतंत्र कप्प्यात न ठेवता प्रत्येक अध्यापन पद्धतीच्या तासात आणावा. प्रत्येक टाचणात ‘हे साधन का वापरले, अथवा का वापरले नाही’ असा एक परिच्छेद सक्तीचा करून त्याला गुण द्यावेत. आंतरवासितेतील काही पाठ एकाच भ्रमणध्वनीवर, तर काही कोणत्याही यंत्रावाचून घेण्यास सांगावे. कारण उद्या नेमणूक कोणत्या गावी होईल, हे कोणालाच ठाऊक नसते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी साधने कुलपात न ठेवता छात्राध्यापकांना सरावासाठी द्यावीत. शिक्षक भरतीसाठीची पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी बहुपर्यायी प्रश्नांची असते. वर्गात साधन हाताळण्याची कसोटी तेथे लागत नाही, याचाही विचार व्हावा. आणि साधनांच्या प्रत्येक खरेदीतील ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवल्याखेरीज त्या खरेदीला मंजुरी देऊ नये.

आज तेविसाव्या वर्षी सेवेत येणारी शिक्षिका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. पस्तीस वर्षे ती शिकविणार आहे. तिने महाविद्यालयात हाताळलेले यंत्र पाच-सहा वर्षांत भंगारात जाईल; यंत्रावर घसारा धरावाच लागतो. तिच्या विवेकावर घसारा लागत नाही; वापराने तो वाढतो. आणि तो नसेल, तर तोटा कोणाला? ज्या घरात शिकवणी वर्गाची फी भरता येते, तेथील मुलाचा वाया गेलेला तास संध्याकाळी भरून निघतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाला तो एकच तास मिळतो. तेवढ्या वेळात पडद्यावर चित्रे सरकत राहिली आणि त्याला काही उमजले नाही, तर त्याची भरपाई कोठेही होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या शाळेत संगणक कक्षाचे उद्घाटन होईल, तेव्हा तेथे जमलेल्या पालकांनी आणि शिक्षकांनी एक साधा प्रश्न विचारावा: या यंत्रांपुढे उभे राहणाऱ्या शिक्षकाच्या तयारीवर किती खर्च झाला? उत्तर समाधानकारक नसेल, तर तो समारंभ वेळेआधीच उरकला, असे समजायला हरकत नाही.